डबक्यातले रंग

"उस्ताद, असं चालणार नाही. दोन शब्द बोलायलाच हवेत," म्हणत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दंडाला धरून पुढे आणलं. नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला जमलेले पाहुणे हातातले सरबताचे पेले सांभाळत वळले. बरेच जण आधीपासूनच खाली बघत होते. सिमेंटच्या कोब्यावर ओतलेला तो रंग वाळून काचेसारखा झाला होता. गडद निळ्यातून तांब्याचे झोत निघत होते, मधेच रुपेरी धूर वर आल्यासारखा वाटत होता.

"पाय ठेवला तर बुडणार नाही ना?" एक गृहस्थ म्हणाले आणि सगळे हसले.

"हा कोपरा बघा," डॉक्टरीणबाई रिसेप्शनच्या टेबलाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "येणारा प्रत्येक माणूस इथे थबकतो. दाढ दुखायची थांबते म्हणे बघता बघता! उस्ताद, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?"

तिथे गोल गोल कडा एकमेकींत शिरल्या होत्या. जांभळ्याला हिरवट, हिरवटाला सोनेरी. तो त्या कडांकडे बघत राहिला. काहीतरी बोलणं भाग होतं.

"लहानपणी," तो म्हणाला, "वडील बसच्या डेपोत मेकॅनिक होते. डेपोच्या मागे डबकं साचायचं, त्यावर डिझेलचा तवंग. त्यात असे रंग फिरायचे, की वाटायचं, हात घातला तर हाताला लागून येतील. एकदा घातलेच दोन्ही हात. नवा फ्रॉ... नवा शर्ट काळा झाला सगळा. वडिलांनी ठेवून दिली एक सणसणीत."

टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर डोळ्यांच्या कडा टिपल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. "वहिनींना का नाही आणलंत? मी मुद्दाम सांगितलं होतं."

"तिला जरा बरं नाहीये," तो म्हणाला. एका खोट्याला दुसरं खोटं लगेच चिकटलं.

त्याचे वडील शिंपी होते. बसडेपोत मेकॅनिक होते ते त्याचे सासरे. आणि डबक्यात हात घातले होते ते त्याच्या बायकोने. हा कोपरा तिनेच केला होता, तशी ही अख्खी जमीनही तिनेच केली होती.

तीन-एक वर्षांपूर्वीपर्यंत हे काम तो स्वतः करायचा. राळेत ती घट्ट करणारा हार्डनर मिसळायचा, त्यात धातूसारखी चमकणारी पावडर घालायची, पायाचा ठसा उमटू नये म्हणून खिळ्यांचे बूट घालून ओल्या रंगात उतरायचं आणि तो घट्ट व्हायच्या आत त्याला वळण द्यायचं. हात चांगला होता त्याचा. 'उस्ताद' हे नाव लोकांनी तेव्हाच पाडलं. मग बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग मनगटं सोलवटली. एके दिवशी एका शोरूममध्ये बादलीत माल कालवून झाला आणि त्याच्या पापण्या इतक्या सुजल्या की समोरचं दिसेना. कालवलेला माल थांबत नाही, तापतो आणि बादलीतच दगड होतो. बादली हाताला गरम लागायला लागली. तोवर फक्त हत्यारं धुणारी आणि मोजून पावडर देणारी बायको पुढे झाली. त्याच्या बुटांत चिंध्या कोंबून तिने ते पायांत घातले आणि म्हणाली, "तुम्ही दारातून सांगा, मी करते."

पहिल्या खोलीभर त्याने सांगितलं. दुसऱ्या खोलीत सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"ही ॲलर्जी एकदा अंगात भिनली की जन्मभर असते. वाससुद्धा घ्यायचा नाही," त्वचेच्या डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून बोलणी तो करायचा, सामान तो आणायचा, रंग ओतण्याआधी सिमेंटचा कोबा घासायचा तो. रंगाच्या दिवशी मात्र तो दाराबाहेर असायचा. गिऱ्हाइकं समजायची, उस्ताद बाहेरून हुकूम सोडतात आणि आत बाई हमाली करते. "समजू दे की," तीच म्हणाली होती. "बाईच्या हातचं आहे म्हटलं तर काम देतील का कोण? आपल्याला काम हवंय." तो बरं म्हणाला होता. इतक्या पटकन म्हणाला होता, की ते त्याचं त्यालाच नंतर खटकलं होतं.

आणि उद्घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा त्याने घरी सांगितलं, "फक्त ठेकेदारांना बोलावलंय. जायचं, तोंड दाखवायचं, यायचं." तिने त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली. कॉलरवरून दोनदा फिरवली.

त्याने आणलेला गुच्छ तिने माल कालवायच्या कोऱ्या बादलीत पाणी घालून ठेवला. घरात फुलदाणी नव्हती.

"काय म्हणाले लोक?"

"छान म्हणाले."

"तो टेबलाजवळचा कोपरा बघितला का कोणी?"

"बघितला ना. तिथेच थांबत होते सगळे."

ती जेवताना मधेच हसली, काही कारण नसताना. तो अर्ध्या ताटावरून उठला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. दुसरी खुर्ची बसवणाऱ्यांनी एका जागी जमिनीवर ओरखडा काढला होता. काम एवढंसं होतं, ती एकटीच गेली. दुपारी परतली तेव्हा तो ओट्याशी चहा टाकत होता.

"तुलाही टाकू?"

"नको." तिने पिशवी ठेवली, हात धुतले, पुसले. मग दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "तिथल्या टेबलावरची मुलगी मला गोष्ट सांगत होती. म्हणाली, मावशी, तुमच्या उस्तादांनी लहानपणी डबक्यात हात घातले होते, तुम्हाला ठाऊक आहे का?"

चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला.

"मी काय म्हणणार? म्हटलं, हो का?"

"अगं, त्यांनी एकदम पुढे ओढलं मला. काय बोलावं ते सुचेना..."

"काम तुमच्या नावावर गेलं ते मीच घालवलं. त्याचं मला काही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पण ती चापट माझी होती हो. बाबांनी अख्ख्या जन्मात मला एकदाच मारलं. आणि रात्री रॉकेलने माझे हात पुसत बसले होते. ते सांगितलंत का लोकांना?"

"नाही."

"ते मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. म्हणून राहिलं तेवढं."

ती आत गेली. त्याने ओटा पुसला. मग तोच ओटा पुन्हा पुसला. आपण चोरी केली असती, पकडले गेलो असतो, तरी इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नसतं, असं त्याला वाटत होतं. सासऱ्यांचा चेहरा त्याला धड आठवतही नव्हता. लग्नात पाहिले होते, नंतर दोन-चार वेळा. काळ्या नखांचा, कमी बोलणारा माणूस. त्या माणसाला त्याने भर सभेत आपला बाप करून टाकला होता, आणि खऱ्या बापाला, ज्याने सुईच्या नाकात दोरा ओवून ओवून डोळे घालवले त्याला, एका वाक्यात पुसून टाकलं होतं.

त्यानंतर ती कामापुरतं बोलत राहिली. पावडर संपत आलीय. रोलर नवा लागेल. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ती त्याच्याशी बोलत होती.

पुढचं काम चष्म्याच्या दुकानात होतं. मालक गप्पिष्ट, पोट सुटलेले, सदा हसणारे. रंगाच्या दिवशी तेही फुटपाथवर येऊन उभे राहिले. काचेतून ती दिसत होती. तोंडावर मास्क, पायांत आता तिच्या मापाचे खिळ्यांचे बूट, हातात बादली. तिने करड्या रंगावर पांढरा चमकता रंग ओतला, हात आखडता घेतला, पुन्हा सोडला.

"वा!" मालक म्हणाले. "काय शिकवलंय हो तुम्ही हिला!"

हीच वेळ होती.

"मी नाही शिकवलं," तो म्हणाला. "काम तिचंच आहे. गेली तीन वर्षं सगळं तीच करते. मला ह्या मालाची ॲलर्जी आहे, मी आत पाऊलही ठेवू शकत नाही. दातांच्या दवाखान्यातली जमीनही तिनेच केली. तिथे मी जे बोललो तेही खोटं होतं."

मालकांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"उस्ताद, मानलं तुम्हाला! एवढा मोठा कारागीर आणि सगळं श्रेय बायकोला! अहो, आमच्याकडे घरातला चहा चांगला झाला तरी मी म्हणतो, साखर मी आणली होती!"

"नाही हो, मी खरंच सांगतोय..."

"कळलं, कळलं. मोठी माणसं अशीच बोलतात." मालकांनी काचेवर टकटक केली आणि आत ओरडले, "वहिनी! नशीब काढलंत हं! उस्ताद म्हणतात, सगळं काम तुमचंच!"

तिने मान वर केली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. तिने आधी मालकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने मान हलवली, होय अशी. ते तिला पोहोचलं की नाही ते त्याला कळलं नाही.

"माल तापतोय," ती आतून म्हणाली. "नंतर बोलू." आणि वाकली.

मालक हसत हसत शेजारच्या दुकानात ही गोष्ट सांगायला गेले. पलीकडून त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि मग दोघांचं हसणं.

रस्त्यावरून एक गाडी धूळ उडवत गेली. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून त्याने नळावरून गोणपाट भिजवून आणलं, दाराखालच्या फटीत खोचलं आणि वारा येईल तिकडे पाठ करून बसला. एक म्हातारी बाई आली. तिच्या हातात दांडी तुटलेला चष्मा होता.

"दुकान कधी उघडणार हो?"

"आत विचारायला हवं, आजी. त्यांचं झालं की सांगतील."

"तुम्ही इथलेच ना?"

"मी दारावर असतो," तो म्हणाला, आणि तिला बसायला जागा करून देत थोडा सरकला.