कोळंबीच्या तळ्यावरचा आंबट ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे आणि मला आंबट वास यायचा. मित्रांनो, नाक मुरडू नका. तो वास म्हणजे माझं काम नीट चाललं आहे याची खूण होती.

२००४ साली तारकर्लीजवळ खाडीकाठी गुरुदासने मला आपल्या कोळंबीच्या तळ्यावर आणलं. तळ्यात कोळंबी दाटीने वाढवलेली. तिची विष्ठा आणि उरलेला चारा तळाशी कुजला की पाणी विषारी होतं. ती घाण फस्त करणारे चांगले जिवाणू माझ्यात वाढवायचे. कोमट पाणी, गूळ, तांदळाचा कोंडा आणि जिवाणूंची चमचाभर पावडर. दुसऱ्या दिवशी आंबट वास सुटला की सगळं तळ्यात ओतायचं. कोळंबी टुणटुणीत झाली. गुरुदास मला थोपटायचा आणि मला जरा शिष्टपणाही चढला होता.

हे कोळंबीचं पीक बुडालं तर गुरुदास पुन्हा विजयदुर्गला ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार होता. त्याच्या बायकोने, मथुराने, त्याचा धसकाच घेतला होता.

चतुर्थी जवळ आली तशी गुरुदासच्या आईने, तुळसाने, घरातली सगळी भांडी घासायला काढली. तिने मलाही सोडलं नाही. ब्लिचिंग पावडरने घासलं आणि वास जावा म्हणून थोडी पावडर तळाशी तशीच ठेवली. पुढे मी रिकामा झालो की दर वेळी हेच. जिवाणू माझ्यातच मरू लागले. आपल्याला बोलता येत नाही, याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

कोळंबी चारा खाईना. काठाला येऊन मरू लागली.

"पावडरच बरी नाय," असं जिवाणूंच्या पावडरीबद्दल म्हणून गुरुदास डोकं धरून बसला.

तो जेवायला गेल्यावर मथुराने माझ्यात वाकून पाहिलं. "आये, वास खंय गेलो?"

"मीया घासून काढलंय, ब्लिचिंगान," तुळसा कौतुकाने म्हणाली.

ब्लिचिंगनेच जिवाणू मेले, हे मथुराने ओळखलं. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, "पावडर बरी आसा. ह्यो ड्रमच बाद झालो. दुसरो आणा."

दुसरा ड्रम आला. अर्धी कोळंबी वाचली आणि तेवढ्यावर गुरुदास घरी राहिला. मी माडाखाली जाऊन पडलो. काही गुन्हा नसताना बाद ठरणं मला मुळीच आवडलं नाही.

नवा ड्रम मथुरा नुसत्या पाण्याने धुते, हे पाहून तुळसाला सगळं उमगलं. एका दुपारी ती माझ्याजवळ आली आणि माझ्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "चूक माझी, आणि नाव तुझा खराब झाला रे."

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू घासण्याआधी एकदा विचारत जा. आणि चुकलंच, तर कबूल करा. निदान ड्रमाजवळ तरी.