एकतीस वर्षांनी मिळालेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं, वाळलेलं रोप आहे. उंची वीतभर, पानं पाच, फुलं दोन आणि एक सुकलेलं बोंड, एवढाच माझा संसार. जाड पांढऱ्या कागदावर मला चिकटवलेलं आहे आणि मी वनस्पती संग्रहालयाच्या लोखंडी कपाटात राहतं. तुम्ही वहीत दाबून ठेवलेलं पान पाहिलं असेल, तसंच मला समजा. मात्र माझ्या कागदाभोवती लाल कडांचं पाकीट आहे. असं पाकीट सगळ्यांना मिळत नाही. मला ते कसं मिळालं, ते ऐका.

माझा जन्म एका खडकाळ उतारावर, दगडाच्या भेगेत झाला. एक दिवस तिथे नव्या रस्त्याची रेघ आखायला एक मोजणीदार आला. दुपारी त्याची माणसं सावलीत जेवायला बसली आणि हा मात्र खिशातलं भिंग काढून फुलं बघत फिरू लागला. फुलांचं त्याला भारी वेड! माझ्यासारखी दिसणारी रोपं त्याने हजारदा पाहिली होती. तरी तो माझ्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "अरेच्चा! तुला हे केस कुठून आले?"

माझ्या फुलातल्या पुंकेसरांवर बारीक जांभळे केस आहेत. माझ्यासारख्या दिसणाऱ्या भावंडांचे पुंकेसर मात्र अगदी गुळगुळीत असतात. त्याने मला मुळासकट उचललं. खोटं कशाला बोलू, तेव्हा फार दुखलं. मग त्याने मला दोन फळ्यांमध्ये दाबलं आणि आठवडाभर रोज न चुकता माझे कागद बदलले. शेवटी एका चिठ्ठीवर तारीख, जागा, फुलाचा रंग लिहिला आणि 'पुंकेसरांवर केस' या शब्दांखाली दोन रेघा ओढून मला संग्रहालयात पाठवून दिलं.

तिथे मला कागदावर चिकटवलं ते नुकत्याच कामाला लागलेल्या एका मुलीने. पुढे ती सगळ्यांची मावशी झाली, म्हणून मीही तिला मावशीच म्हणतं. तिने चिठ्ठी वाचली आणि साहेबांना सांगितलं, "साहेब, यात केसांचं काहीतरी लिहिलंय."

साहेब माणूस चांगला, पण टेबलावर कागदांचा डोंगर. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "हौशी लोकांना प्रत्येक गवत नवंच वाटतं. टाका नेहमीच्या फायलीत."

झालं! माझ्या कागदावर भावंडांचं नाव लागलं आणि कपाट बंद झालं.

एकतीस वर्षं मी तिथे पडून होतं. वर अकरा कागद, खाली एकोणीस. एकदा कपाटात किडे शिरले आणि माझ्या एका पानाचा कोपरा खाऊन गेले. मावशीने ते पाहिलं आणि ती लगेच कामाला लागली. तिने एकेक कागद बाहेर काढून ब्रशने झटकला, कपाट पुसलं, नव्या डांबरगोळ्या ठेवल्या. नवी लेबलं लावली की जुन्या चिठ्ठ्या फेकून द्यायची तिथे पद्धत होती. मावशीने माझी चिठ्ठी फेकली नाही. तिच्यासाठी छोटं पाकीट करून माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात चिकटवलं.

मग संग्रहालयात एक संशोधक बाई आल्या. चष्मा कपाळावर चढवायच्या आणि टेबलभर शोधत बसायच्या, म्हणून मावशीने त्यांचं नाव चष्मेवाली ठेवलं. आमच्या सगळ्या गोतावळ्याची त्यांना नव्याने तपासणी करायची होती. एका दुपारी माझी पाळी आली. त्यांनी माझं एक फूल गरम पाण्याच्या थेंबांनी भिजवून मऊ केलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि ओरडल्याच, "मावशी, हे केस बघा!"

"बघायचं काय त्यात?" मावशी शांतपणे म्हणाली. "चिठ्ठीत लिहिलंय की!"

त्यानंतर बाईंनी ठिकठिकाणचे चारशे नमुने मागवून तपासले. एकालाही केस नव्हते. पण एकट्या वाळक्या रोपाच्या भरवशावर नवी जात कशी सांगणार? जिवंत रोपं बघायला हवी होती. त्यांनी मोजणीदाराचा पत्ता शोधून फोन लावला. तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. फोन मुलीने उचलून त्याच्या हातात दिला.

"काका, तुमचं ते केसवालं फूल खरंच वेगळं आहे. अजून कुठे दिसलं होतं का?"

 तो म्हणाला, "नाही हो. तो उतार फोडून रस्ता केला. आणि ती रेघ मीच आखली होती."

फुलायच्या दिवसांत म्हातारा मोजणीदार, त्याची मुलगी आणि चष्मेवाली बाई तिथे गेले. मी कपाटातच होतं. पुढचं सगळं बाईंनी माझ्या टेबलाशी बसून मावशीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. दोन दिवस त्यांनी उरलेला उतार पालथा घातला. हाती काही लागलं नाही.  तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी बुटातला खडा काढायला रस्त्याच्या दगडी भिंतीला टेकली आणि दगडांच्या फटीत तिला काहीतरी जांभळं दिसलं.

"बाबा, हे तर नव्हे?"

म्हातारा रस्त्याच्या कडेला सरळ पोटावर आडवा झाला. भिंग डोळ्याला लावलं आणि हसू लागला. हसता हसता डोळे पुसू लागला. "माझ्याच भिंतीत घर केलंय लबाडांनी!"

फटींमधून सेहेचाळीस रोपं उभी होती. बाईंनी एक फांदी आणि थोडी पिकली बोंडं घेतली, बाकी कशाला हात लावला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या भिंतीच्या फटी वर्षभरात सिमेंटने भरायच्या होत्या. नाव नसलेल्या रोपाला वाचवा, असं सांगायचं तरी कुणाला? बाई झपाटल्यासारख्या कामाला लागल्या. माझं पान न् पान, केस न् केस मोजून त्यांनी वर्णन लिहिलं. नाव मोजणीदाराचं द्यायचं त्यांच्या मनात होतं. तो ऐकेना.

"माझं नाव कशाला? लोक काय माझं तोंड बघून फूल ओळखणार आहेत? केसांवरून ओळखतील. तेच नाव द्या."

तसंच नाव दिलं. वर्णन छापून आलं आणि रस्तेवाल्यांनी फटी मोकळ्या ठेवायचं लेखी कबूल केलं. निवृत्त साहेबांचं पत्र आलं, 'तेव्हा एकदा भिंग लावायला हवं होतं.' आणि मी त्या नावाचा मूळ नमुना ठरलं. आता कुठेही असं फूल सापडलं, की माझ्याशी ताडून बघतात. लाल पाकिटाचा मान तो हाच. मी सुखात आहे.

मित्रांनो, रानात एखादं वेगळं फूल दिसलं, तर उपटू नका. नीट बघा, चित्र काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. आणि कधीतरी आमच्या संग्रहालयात या. माझ्या कपाटात अजून हजारो कागद आहेत. कितीजण दुसऱ्याच्याच नावाने पडून असतील, कोण जाणे. येताना हात कोरडे ठेवा आणि घाई तेवढी घरी ठेवून या.