माझ्या जाळीला ग्रीस लावू नका

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात संगणकाचं चित्र आहे ना? त्यात मॉनिटर आहे, कीबोर्ड आहे, माऊस आहे. माऊसची वायरसुद्धा छान वळण देऊन काढली आहे. आणि मी? मी कुठेच नाही. मी एक जुना एसएमपीएस आहे. नाव ऐकलंय का? नसेलच. भिंतीतून येणारी वीज आधी माझ्या अंगावर येते, मग मी ती मोजून आतल्या नाजूक मंडळींना वाटतो. मी नसेन तर तुमचा तो मॉनिटर नुसता काळा आरसा. पण चित्र काढायची वेळ आली की माझी आठवण कुणाला येत नाही.

चिडलोय मी. आणि का चिडू नये?

आधी माझं रूप सांगतो, म्हणजे निदान ओळखाल तरी. पावाच्या अर्ध्या लादीएवढी माझी राखाडी पत्र्याची पेटी. मागच्या अंगाला मोठी वायर खोचायची खाच, शेजारी काळं बटण आणि उरलेल्या जागेत जाळी. जाळीच्या आत माझा पंखा. काम करताना मी तापतो आणि माझी गरम हवा त्या जाळीतून बाहेर जाते. ही जाळी म्हणजे माझं नाक, हे नीट ध्यानात ठेवा. अंगावर एक लेबल आहे. कुठल्या रंगाच्या तारेतून किती वीज जाते ते त्यावर छापलंय आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

पुढच्या अंगाला एक भोक आणि त्यातून वायरींचा झुबका. पत्र्याच्या धारेनं वायर कापू नये म्हणून त्या भोकाला प्लास्टिकचं कडं बसवलंय. पिवळ्या तारा बारा व्होल्टच्या, लाल पाचच्या, काळ्या परतीच्या. हिरवी एकटीच. तुम्ही बटण दाबलंत की तिच्यातूनच मला उठायचा निरोप येतो. टोकाला चोवीस खणांचा मोठा जोड आहे. त्याचे काही खण चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले, त्यामुळे तो उलटा बसवू म्हणाल तरी बसत नाही. चुकणाऱ्या माणसांचा एवढा विचार करून मला बनवलंय, मित्रांनो. माणसांनी माझा किती विचार केला ते आता ऐका.

माझी पहिली आठ वर्षं बोर्ली पंचतनला गेली. कल्पिता नावाच्या मुलीच्या घरी. ती माझ्यावर टायपिंग शिकली, आणि मी एकदाही तिला दगा दिला नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं दागिन्यांचा नाही, संगणकाचा हट्ट धरला. दिघीला फेरीबोटीत बसून आम्ही आगरदांड्याला उतरलो आणि तिथून एसटीनं मुरुडच्या कोळीवाड्यात आलो. एसटीत मी ज्यात बसलोय तो संगणकाचा सगळा डबा तिच्या मांडीवर होता. नवरी मुलगी आणि मांडीवर संगणक! अख्खी गाडी बघत होती.

सासरी मासेमारीची जाळी ठेवायच्या खोलीत खिडकीशी आमची जागा झाली. सासरा धर्मा, बोटीवरचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. बोटीचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. यंत्राच्या बाबतीत आळीत त्याच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. पण कल्पिता संगणकावर बसली की तो दारातूनच बघायचा आणि गोदूला, म्हणजे त्याच्या बायकोला, हटकून सांगायचा की हे फार दिवस टिकायचं नाही.

आता माझ्या रागाचं मूळ सांगतो. दर्याकाठी खारं वारं. पत्रा ठेवलात की वर्षात गंजला. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी, बोट पाण्यात उतरवायच्या वेळी, धर्मा इंजिनाला ग्रीस लावतो. आणि डब्यात उरलेलं ग्रीस घरातल्या झाडून सगळ्या लोखंडाला. दाराच्या बिजागऱ्या, खिडकीच्या कड्या, सायकल, शिवणयंत्र, काही म्हणजे काही सुटत नाही. त्या वर्षी त्याला संगणकाच्या डब्याच्या मागे माझा पत्रा दिसला. तीन बोटं भरून त्यानं मला माखलं. जाळीसकट! माखून झाल्यावर मागे सरून कौतुकानं बघितलंनसुद्धा. मायेनं केलं, हे मला कळतं हो. पण माझं नाक बुजवलं त्याचं काय?

खिडकीबाहेर बायकांची मासळी सुकवायची जागा. वाऱ्यावर सुकटीचा भुगा उडायचा, बारीक खवलं उडायची, आणि सगळं येऊन माझ्या ग्रीसला चिकटायचं. माघ लागेपर्यंत जाळी दिसेनाशी झाली.

नेमकं तेव्हाच मोठं काम आलं. त्या सुकवण्याच्या जागेवर एका लॉजवाल्याला गाड्या उभ्या करायच्या होत्या. बायकांनी सरकारी कचेरीत अर्ज केला. वरून निरोप आला की शुक्रवारी पाचच्या आत एकतीस जणींची नावं, फोटो आणि कागद संगणकावरून पाठवा, नाहीतर जागेवर तुमचा हक्क धरता येणार नाही. बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या जिथं त्यांच्या आज्यांनी रोवल्या होत्या, ती जागा! सगळं कल्पितावर आलं.

आणि बुधवारी मी बंद झालो.

ऐका, मी बिघडलो नव्हतो. आत एवढी धग साठली की तसाच चालत राहिलो असतो तर सगळं जळालं असतं, आणि त्यात त्या बायकांचे कागदही गेले असते. म्हणून मी स्वतःच थांबलो. गार झालो की पुन्हा उठायचो, पंधरा-वीस मिनिटं काम करायचो, पुन्हा थांबायचो. पण हे समजून घेतो कोण? बाजारातून निकेत आला, दुरुस्तीवाला. डब्याच्या मागे वाकूनसुद्धा न बघता म्हणाला, एसएमपीएस गेला, नवीन शनिवारी मिळेल. बायका कुजबुजल्या की पोरीनं वायरी इकडच्या तिकडे केल्या असतील. धर्मानं तर सगळ्यांदेखत सांगून टाकलं की दिवसभर चालू ठेवते, जाळलंन यंत्र. ती पुन्हा पुन्हा माझं बटण दाबून बघत राहिली. माझ्या चोवीसच्या चोवीस खणांत संताप दाटला होता, पण मला तोंड कुठे आहे?

शुक्रवारी सकाळी ती डब्यामागे हात घालून वायर चाचपत होती. हात काळा झाला. तिनं वायर काढली, डबा उजेडात वळवला आणि बघतच राहिली. जाळीवर तीन बोटांचे ओढलेले पट्टे होते. बोटं कुणाची ते तिला विचारायला नको होतं.  तिनं मला पूर्ण गार होऊ दिलं, मग जुना ब्रश आणि फडकं घेऊन बाहेरूनच सगळी जाळी मोकळी केली. निघालेला लगदा वर्तमानपत्रावर ठेवला. सहा महिन्यांनी मी श्वास घेतला, मित्रांनो.

मग मी जो चाललो, तो थांबलो नाही. दुपार झाली, खोली बायकांनी भरली, अठ्ठावीस नावं चढली. साडेचार वाजले आणि दारात धर्मा उभा. हातात ग्रीसचा डबा. यंत्र कसं चालतं ते मी दाखवतो म्हणत तो सरळ माझ्या मागे वाकला. बोटं ग्रीसनं भरलेली. माझा पंखा धडधडायला लागला.

"आबा, हात लावू नका," कल्पिता म्हणाली.

 तांडेलाला असं कुणी म्हटलेलं त्या आळीनं ऐकलं नव्हतं, आणि सुनेनं तर नाहीच. गोदूनं पदर तोंडाशी नेला. कल्पितानं ते वर्तमानपत्र उचलून त्याच्यापुढे धरलं. 

"हे सकाळी ह्याच्या जाळीवरनं काढलंय. ह्या लगद्यामुळं तापत होता तो. माझ्या हातून काही झालेलं नाही."

धर्मानं तो लगदा चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला. स्वतःचं ग्रीस तो अंधारातही ओळखेल.  मग डब्याला झाकण लावलं.

"किती नावं हायत अजून?"

"तीन."

तो उंबऱ्यावर बसला आणि बायकांना म्हणाला, गलबला करू नका, तिला लिहू द्या. पाचला दहा मिनिटं असताना एकतिसावं नाव गेलं, गोदूचं. बायकांनी कल्पिताला मिठ्या मारल्या, मॉनिटरवरून हात फिरवले. माझ्याकडे? अर्थात कुणीही नाही.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. महिन्यातून एकदा वायर काढून माझी जाळी कोरड्या फडक्यानं पुसा. तेल नको, ग्रीस नको, हळदीकुंकूही नको. माझी पेटी उघडू नका, ते जाणत्याचं काम. आणि काही बंद पडलं तर समोर बसलेल्या माणसावर खापर फोडण्याआधी एकदा मागे वाकून बघा.

शनिवारी निकेत नवा एसएमपीएस घेऊन आला, पेचकस काढला आणि मला उपटायला बसला. कल्पिता घरात नव्हती. धर्मानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "त्याची काय बी चूक न्हाय. तिची बी न्हाय. नाक मी दाबलेलं त्याचं. बाजारात कोण विचारील त्याला असंच सांग."