वस्ती नाही

खजुराचा कण असावा असं वाटून गुलबानूनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि तो पुसायला घेतला. तपकिरी, नखाएवढाही नाही, लॅपटॉपच्या काचेला चिकटलेला... पण तो जाईना. समरीननं तिचा हात धरून बाजूला केला, लहान मुलाचा हात चुलीपासून बाजूला करतात तसा. "दादी, तो घर आहे," ती म्हणाली. नात वीस वर्षांची, मस्कतमध्येच जन्मलेली. तिच्या मराठीत घर पुल्लिंगी होतं.

घर म्हणे. गुलबानूनं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. निळं पाणी, पांढरी वाळूची कड, आत हिरवं गच्च काहीतरी, आणि वाळूवर असे सात-आठ कण. एवढ्यासाठी जुम्म्याची बिर्याणी उरकून, टेबलावरची ताटं ओट्यावर नेऊन टाकून ही पोरं बसली होती. समरीन, आणि खालच्या मजल्यावरच्या इरीनचा फेबियन, जो रुवीतल्या कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांच्यापासून सुटू शकत नाही. पॅसिफिकात कुठंतरी वादळ झालं होतं. तिथल्या बेटांचे नकाशे नाहीत, विकत घ्यायला त्यांच्या सरकारकडे पैसे नाहीत, म्हणून कोणीतरी एक सॉफ्टवेअर बनवून जगाला फुकट वाटलं होतं, आणि आता जगातले सगळे रिकामे लोक आभाळातून काढलेल्या फोटोंवर घरं गिरवत होते. प्रत्येकाला एक चौकोन. चौकोन संपला की पुढचा.

"तिथं राहतं त्यातलं कोणी तू ओळखतंस?" तिनं विचारलं होतं.

"नाही दादी. ओळखायला कशाला पाहिजे?"

बरोबर. ओळखायला कशाला पाहिजे. या इमारतीत समोरच्या दारामागं कोण राहतं ते समरीनला माहीत नव्हतं, आणि गोनू वादळाच्या वर्षी वादीच्या एरवी कोरड्या पात्रातून गाड्या काड्यापेट्यांसारख्या वाहत गेल्या, तेव्हा खालच्यांना जिन्यावरून वर ओढून घेणारे हात कोणाचे होते तेही नाही. पण पॅसिफिकातलं घर तिला दिसतं. फुकट दिलेलं, फुकट केलेलं, आणि तोंडावर मात्र हजहून परतल्यासारखं तेज... गुलबानूला या तेजाचा पहिल्यापासून तिटकारा होता. तिचा नवरा शिडाच्या पडावावर तांडेल होता. रत्नागिरीहून मस्कतला येताना तो पाण्याचा रंग बघून खडक सांगायचा, वाऱ्याचा वास घेऊन किनारा सांगायचा. त्याच्याकडे कागदाचा कपटा नव्हता. आणि ही पोरं, ज्यांना मत्रहच्या धक्क्यावर उभं केलं तर भरती की ओहोटी सांगता येणार नाही, ती समुद्राचे नकाशे काढणार.

"आंटी, हेल्प करा ना," फेबियन म्हणाला. वसईचा असूनही आंटीच म्हणायचा. "ह्या शेप्स बघा. किती नॅरो आहेत. अशी घरं असतात का?"

"इतकं शिकून माज्यासारख्या अडाण्याला विचारतंस?"

"तुम्ही समुद्रवाल्या. आमचे डॅडी तर केळीवाले."

तिला हसू आलं, पण दाखवलं नाही. ती वाकली. आणि वाकताक्षणी कळलं, विचार करायची गरजही पडली नाही. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. लांबुळकी, दोन्हीकडे निमुळती. माडाच्या झावळ्या विणून झापं केलेली, आणि ती वर घातलेली, उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून. तिच्या वाडीतही अशाच असायच्या, पावसाळ्याआधी वर ओढलेल्या.

"घरं कसली गो? होड्या हायत त्या. शाकारून ठेवल्यात." मग राहवलं नाही. "होडीत माणूस राहतो होय? आणि म्हणे नकाशा."

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली, तिला नव्हे, स्वतःला. समरीननं तर तिच्या गालाचा मुका घेतला. आधी कोणीतरी घरं म्हणून गिरवलेल्या त्या आठही चौकटी तिनं भराभर पुसून टाकल्या. गुलबानू सोफ्यावर परतली, पाय वर घेतले. जीभ गोड झाली होती. एका वाक्यात सगळ्या दुनियेचं शहाणपण उतरवलं होतं तिनं.

"मग इथे घर एक पण नाही," समरीन म्हणाली. "एम्प्टी मार्क करू?"

"आत फक्त झाडं आहेत," फेबियन म्हणाला. "पिण्याचं पाणी वाटणारी बोट घरं असतील तिथेच थांबवणार आहेत. एम्प्टीला उगाच का फिरवायची. कर."

गुलबानूनं डोळे मिटून घेतले. आता विचारतील, तिला वाटलं. होड्या हायत तर होड्या कोणाच्या, एवढं तर बाळसुद्धा विचारेल. कोण ओढून वर घेतं त्यांना, झापं कोण विणतं? होडी माणसाच्या हाकेच्या टप्प्यात असते. वाळूवरून बारीक पांढऱ्या रेघा आत झाडांत शिरत होत्या, तिनं पाहिल्या होत्या. पायांनी झिजलेल्या वाटा. माडाखालचं घर आभाळाला दिसत नाही... पण हे कळायला माडाखाली राहायला लागतं. विचारा ना. मी इथंच बसलेय. नाही विचारणार. त्यांना वाटतं जे दिसत नाही ते नाही. अगदी त्या तलाठ्यासारखं.

तलाठ्याची गोष्ट सगळ्या घरादाराला पाठ होती. तिच्या मुलाला, शरीफला, तर लहानपणी झोपताना तीच लागायची. अठ्ठावन्न सालचं वादळ, खाडीपलीकडची त्यांची वाडी, पुरुष सगळे दर्यावर किंवा मुंबईत, विहिरीत समुद्राचं पाणी शिरलेलं. सरकारचा तलाठी होडीतून आला, वाळूवर उतरलासुद्धा नाही, माडांकडे बघितलं आणि वहीत लिहून गेला : वस्ती नाही. गोड्या पाण्याची पिंपं दुसऱ्या गावांना गेली. तिची नणंद, अकरा वर्षांची आमिना, आठव्या दिवशी जुलाबानं गेली. साठाला तीन कमी, इतकी वर्षं गुलबानूनं त्या माणसाला शिव्या दिल्या होत्या. त्याचे बूट, त्याची टोपी, त्याचं नाक मुरडणं... ती नक्कल इतकी हुबेहूब करायची की माणसं हसायची आणि मग गप्प व्हायची.

बूट. त्याचे बूट ओले होते.

गुलबानूनं डोळे उघडले. एसी घरघरत होता. बूट ओले होते, म्हणजे तो उतरला होता. हे तिला माहीत होतं. कुडाच्या फटीतून दिसला होता तो, सतरा वर्षांच्या तिला : चिखलात घोट्यापर्यंत, टोपी हातात घेतलेली, घाबरलेला. त्यानं हाक मारली होती. कोणी आहे का? एकदा नाही, तीनदा. परक्या पुरुषाला घरातली बाई ओ देत नाही, तशी रीतच होती, पण रीत एवढीच नव्हती... हसू येत होतं तिला. काय ते ध्यान, काय त्याचा आवाज, बकरीसारखा. आमिना ओ द्यायला निघाली होती. तिच्या तोंडावर हात कोणी दाबला? तळहाताखाली त्या पोरीचे ओले ओठ हलत होते, आणि मी हसत होते.

हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बहुधा स्वतःलाही नाही. गोष्ट सांगता सांगता तलाठ्याचे बूट कोरडे होत गेले होते.

"यल्ला, खलास," टेबलाजवळ फेबियन म्हणाला. "आंटीमुळे एका झटक्यात झाला."

चौकोनाचा रंग बदलला. समरीननं हात वर ताणून आळस दिला. आता कोणीतरी दुसरं ते तपासणार होतं, हॉलंडमध्ये नाहीतर कुठंतरी, आणि त्यालाही होड्या दिसतील, झाडं दिसतील. तिचंच वाक्य पुढं जाईल, न बोलता, घरं पुसत.

"समरीन."

"हो दादी?"

काहीतरी तिखट सापडेल म्हणून तिनं तोंडात चाचपलं. आयुष्यभर तेच आधी यायचं जिभेवर. त्याच्या आडून काहीही सांगता यायचं. तुम्हा पोरांना अक्कल नाही. एवढं शिकून काय उपयोग. पण ते आज येईना, आणि त्याच्यावाचून बोलायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. 'मी अर्धंच सांगितलं' हे वाक्य मराठीत, कोकणीत, कुठल्याच भाषेत तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

"चहा टाकू का?" समरीननं विचारलं.

"नको. थांब." आवाज चिरका निघाला, स्वतःलाच परका. फेबियननं मान वळवली. दोघंही तिच्याकडे बघत राहिली, घाई नसल्यासारखी, आणि या वाट बघणाऱ्या चेहऱ्यांचा तिला नेहमी येणारा राग आला नाही. आली ती भीती, की आणखी क्षणभर आपण गप्प राहिलो तर ही पुन्हा आपल्या कामाकडे वळतील, आणि तसं करण्यात त्यांचं काहीच चुकलेलं नसेल.