पिन निवेपर्यंत

त्या सकाळी पोलादाच्या कपाटात हव्या त्या जातीचे तीन तुकडे होते. पहिला तापवून पाणी पाजताना तडकला. दुसरा भट्टीतून केसभर वाकडा निघाला. उरला एक. ग्राइंडिंगची मशीनं दोन, त्यातलं एक महिनाभर दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं. मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन, दाखवणारा मायक्रोमीटर एकच. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि दोनच्या सुमारास डोंगरातली खिंड ढगांनी बुजणार, असं हवामानवाल्यांनी कळवलं होतं.

लष्कराच्या या वर्कशॉपमध्ये तिला सगळे मायक्रॉनताई म्हणत. बावीस वर्षं ती ग्राइंडिंगवर होती. कोणी मशीनवरून उतरवलेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, तसाच मोजायला धावला, की ती ओरडायची, "चहा आहे का तो, गरमागरम घ्यायला? निवू दे आधी!" तापलेलं पोलाद फुगतं. जॉब लोखंडी लादीवर तासभर पडू द्यायचा आणि मगच मापाला हात लावायचा, हा नियम तिनेच शॉपला लावला होता.

आज जॉब होता हेलिकॉप्टरच्या शेपटातली एक पिन. अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब. जुनी झिजली होती, नवी यायला चार दिवस होते. माप २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर. त्याहून जाड असेल तर बसणार नाही, त्याहून बारीक असेल तर हादऱ्याने आपलं भोक झिजवत जाईल, आणि शेपूट हवेतच निकामी होईल.

खिंडीपलीकडच्या चौकीवर तिची लेक होती, औषधोपचाराचं काम बघणारी. काल संध्याकाळपासून तिच्या पोटात उजवीकडे दुखत होतं. अपेंडिक्स आहे, हे निदानही तिनेच केलं. रस्ता दरडीखाली गेला होता; तिला आणायला हे एकच हेलिकॉप्टर होतं. डॉक्टर म्हणाले होते, रात्रीच्या आत ऑपरेशन टेबलावर आली पाहिजे, नाहीतर सांगता येत नाही.

आठ वाजता वायरलेसवर लेकीचा आवाज आला होता.

"आई, रडतेयस का?"

"नाही गं."

"रडू नकोस. हात थरथरला तर पिन वाया जाईल, आणि मग मी तुला बघूनच घेईन." मग नुसती खरखर. "आई, लवकर कर हं."

फोरमनने विचारलं होतं, "ताई, दुसऱ्या कोणाकडे देऊ का काम?"

"दुसरं आहे कोण?" ती म्हणाली. ते खरंच होतं.

बाराला दहा कमी असताना मशीनवर जॉब थंड ठेवणारा पाण्याचा पंप बंद पडला. गाळणी चोंदली होती. उघडून साफ करायला पाऊण तास लागला असता. तिने पंपाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ब्रशने तेल लावत काम पाण्याविनाच पुढे रेटलं. अगदी हलका हात ठेवून. ठिणग्या निघत होत्या. एक पास, मोजणी. आणखी एक पास, मोजणी. निववायला वेळ कुठे होता? बारा चाळीसला मायक्रोमीटरने दाखवलं २४.९८४. तिने चाक मागे घेतलं.

तिने पिन हातात घेतली. पिन नुसती कोमट नव्हती.

तपासनीस दारातच उभा होता. निवृत्तीला चार महिने उरलेला, पुरता सरळ माणूस. त्याला सगळे शिक्काकाका म्हणत. त्याने घाईघाईने पिन मायक्रोमीटरमध्ये धरली. "चौऱ्याऐंशी! फर्स्ट क्लास!" म्हणत चिठ्ठीवर शिक्का मारला आणि पिन तिच्या हातात परत दिली. "जा, पळा. पंधरा मिनिटांत बसवतील."

हेलिकॉप्टरचा कॅप्टन हेल्मेट काखेत घेऊन उभाच होता. त्याच्याबरोबर एक डॉक्टर आणि एक मेकॅनिक जाणार होते. त्याने हात पुढे केला.

ताईने मूठ उघडली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "गरम आहे ती."

"अहो बाई," शिक्काकाकांनी आवाज खाली आणला, "लेक आहे तुमची तिकडे. माझी सही झालीय. काय झालं तर माझ्यावर येईल."

"तुमच्यावर नाही येणार, काका. यांच्यावर येईल."

कॅप्टनने एकदा तिच्याकडे, एकदा मुठीकडे पाहिलं. "ताई, मला ते तुमचं दशांशातलं काही कळत नाही. तुम्ही 'चालेल' म्हणा, मी निघतो. किती थांबायचं?"

"वीस मिनिटं. एवढ्याशा पिनला तेवढी पुरतील."

"वीस परवडतील. त्यावर एकही नाही."

तिने पिन जाड लोखंडी लादीवर आडवी ठेवली. भिंतीवरचा थर्मामीटर वीस अंश दाखवत होता. हिशेब ती झोपेतही करू शकली असती. एवढ्या जाडीचं पोलाद दर साडेतीन अंशांना साधारण एक मायक्रॉन आकसतं. पिन चौतीस अंशांवर असेल, तर चार मायक्रॉन जातील आणि ती बरोबर २४.९८० च्या काठावर उभी राहील. त्याहून जास्त तापलेली असेल तर संपलं. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. आपल्या तळव्याला ती किती लागली होती, हे ती आठवून पाहत होती. चौतीस? मनुष्याचं अंगच सदतीस असतं. चौतीसची वस्तू हाताला गरम लागेल कशाला?

इथवर आल्यावर तिने हिशेब सोडून दिला.

"बसा ना," कॅप्टन म्हणाला.

"बसले तर उठणार नाही मी."

शिक्काकाका पाणी घेऊन आले. ते तिने घेतलं नाही. हात ओला नको होता. आतल्या खोलीत वायरलेसवाला पुन्हा पुन्हा चौकीला साद घालत होता, आणि तिकडून लेकीऐवजी एका पुरुषाचा आवाज येत होता. ताप एकशे तीन. ती बोलत नाहीये. कधी निघताय? वायरलेसवाला दारात आला, ताईचा चेहरा पाहून तसाच मागे फिरला.

सोळाव्या मिनिटाला शिक्काकाकांना राहवलं नाही. "मोजा की आता!"

"वीस," ती म्हणाली.

बरोबर एक वाजता तिने हात फडक्याने पुसले. मायक्रोमीटर शून्यावर तपासला. कापडाने धरून पिन उचलली, जबड्यात घेतली, आणि टोकाची फिरकी तीनदा टकटक वाजेपर्यंत फिरवली. जागा बदलून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मायक्रोमीटरच्या रेघा तिच्याशिवाय कोणालाच दिसत नव्हत्या. काकांचा चष्मा टेबलावर होता, आणि कॅप्टन फक्त तिच्या तोंडाकडे बघत होता.

"बोला ताई," तो म्हणाला. "चालेल?"

तिने आकडा मोठ्याने वाचला.

"चोवीस पूर्णांक नऊ सात आठ."