खोतकाकांच्या पोटातला स्टोव्ह

तू मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आमची सुलक्षा नर्स आहे ना, तिच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर खोतकाका म्हणून पेशंट होते, आणि त्यांच्या पोटात त्यांची बायको स्वयंपाक करायची. काकू वारून बरीच वर्षं झालेली. स्टोव्ह मात्र चालू होता. पितळी, रॉकेलचा, पंप मारायचा. सुलक्षा म्हणते, स्टेथोस्कोप लावला की त्याची फरफर ऐकू यायची, आणि मधेच भाकरी थापल्याचा आवाज.

डॉक्टरांनी अ‍ॅसिड कमी करायची कॅप्सूल लिहिली. "आच कमी झाली नाही तर जठराला भोक पडेल," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आता कॅप्सूल कशी द्यायची ते सुलक्षाला तोंडपाठ. सकाळी उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास. चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आधी विचारायचं. तेवढं तिनं नीट केलं गं. पण खाटेभोवतीचा पडदा ओढता ओढता सवयीनं तोंडातून गेलं, "काय काका, जेवलात का?"

आपण नाही का, कुणालाही, कधीही विचारतो? तसंच. पण ते आत ऐकू गेलं.

"आलात व्हय? बसा, टाकतेच," पोटातून आवाज आला. आणि काकूंनी स्टोव्हला पंप मारला.

काका कळवळले. "काय इचारलंसा ओ सिस्टर! आता ती थांबंल व्हय?"

"गोळी घ्या पटकन. पोट रिकामं आहे ना?"

"मी उपाशी हाय. पोट कुठलं रिकामं?"

लसणाची फोडणी पडली. समोरच्या खाटेवरचा टायफॉइडवाला ताटली घेऊन उठून बसला. "सिस्टर, मला पेज आणि ह्यांना हे? वा!" रॉकेलचा आणि लसणाचा तो एकत्र वास आला, आणि सुलक्षाला एकदम आपलं कुडाळचं घर आठवलं. गॅस संपला की माळ्यावरून स्टोव्ह निघायचा, आई पिन मारत बसायची आणि ही पोरं ताटं घेऊन भोवती. क्षणभर तिला कॅप्सूल खिशात टाकून तिथंच मांडी घालून बसावंसं वाटलं.

"नकोच ती गोळी," काका म्हणाले. "मी सूतगिरणीत होतो, शेकंड शिफ्टला. किती का उशीर होईना, ही जेवायची न्हाई. स्टोव्ह बारीक करून बसायची. अजून बसलीया. इझला तर अंधारात कशी वाट बघंल?"

सुलक्षानं डॉक्टरांना हाक मारायला पडदा सारला. पडद्यामागं भिंत होती, काजळी धरलेली, वर भांड्यांची मांडणी. दुसऱ्या बाजूलाही भिंतच. त्या सरकत सरकत इतक्या जवळ आल्या, की तिला खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. काकांच्या सदऱ्यावर पोटापाशी तपकिरी डाग उमटला, इस्त्री विसरून राहिल्यासारखा.

तिनं त्या डागावर स्टेथोस्कोप टेकवला. "काकू, सिस्टर बोलतेय. जरा बारीक करता का? काकांना भाजतंय."

"सांगू नका ओ तिला!" काका ओरडले.

भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मग काकू म्हणाल्या, "भाजतंय? आणि मला कधी बोलला न्हाईसा?"

काकांनी तोंड फिरवलं. पण ते तोंड आपोआप उघडलं, आणि त्यातून मनगटापर्यंत एक हात बाहेर आला. बोटांना ओलं पीठ. तळवा वर.

"द्या हिकडं ती गोळी," काकू आतून म्हणाल्या. "मीच बघते."

काकांना बोलता येईना. नुसती मान हलवत होते, नको, नको. सदऱ्याच्या डागातून धूर निघायला लागलेला. तो हात तसाच पुढं, आणि सुलक्षाच्या चिमटीत कॅप्सूल. तू सांग ना, तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?