हेडमास्तर तवा

आमच्या घरात एका तव्याला नाव होतं. स्टीलचा, जाड बुडाचा, लांब दांड्याचा तो तवा म्हणजे हेडमास्तर. वेळ झाल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही, म्हणून हेडमास्तर. नाव दादाने ठेवलं होतं, आम्ही शाळेत असताना. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना आत्याने वाढवलं. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सकाळभर अंडी तळायची आणि घरी येऊन पुन्हा आमच्यासाठी तळायची. कंटाळा तिच्या गावीही नव्हता. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

दादा आणि मी ओट्याला टेकून उभे राहायचो. तवा तापला की आत्या ओल्या बोटांनी त्यावर पाणी शिंपडायची. चर्र आवाज व्हायचा आणि थेंब जागच्या जागी आटायचा. "अजून नाही." परत शिंपडायची, परत चर्र. मग एकदा आवाज व्हायचाच नाही. थेंबाची गोळी व्हायची आणि ती तव्यावर गुपचूप पळत सुटायची. "हं," म्हणून आत्या आच कमी करायची, तेल सोडायची, अंडं फोडायची. अंडं तव्याला घट्ट धरून बसायचं. दादा उलथनं घेऊन घाई करायचा आणि हातावर फटका खायचा. "थांब रे हावऱ्या. झालं की सोडेल तो." आणि खरंच, जरा वेळाने टोक लावलं की अंडं अलगद सुटून यायचं, खालून सोनेरी. त्या वासाच्या नुसत्या आठवणीने मला आजही भूक लागते, भरल्या पोटी.

आता आत्याला मधलं दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्यात कडेकडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. "बरंच आहे," ती म्हणते, "कोण नाक मुरडतंय ते तरी कळत नाही." तरीही ती आपल्या दोन खोल्यांत एकटी राहायची, स्वतःचं स्वतः करून खायची, वर आम्हालाच जेवायला बोलवायची.

मग दादाने तिला नॉनस्टिक तवा आणला. हलका, तेल कमी लागतं, काही चिकटत नाही, घासायला त्रास नाही. त्याचं सगळं म्हणणं खरं होतं. मी स्वतः नॉनस्टिकवाली बाई आहे, त्यामुळे मीही मान डोलावली. हेडमास्तर माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी घाईघाईत बटाट्याच्या काचऱ्या टाकल्या, त्या त्याने अशा धरून ठेवल्या की शेवटी मीच शरण गेले. तेव्हापासून तो कपाटावर, काळ्या बुडानिशी.

तिकडे आत्याचा स्वयंपाक बिघडत गेला. अंडं कधी कच्चं, कधी कोळसा. एका सकाळी स्वयंपाकघरात इतका धूर झाला की शेजारणीने घाबरून दादाला फोन केला. दादाने तिथल्या तिथे ठरवलं: आत्याने आता एकटं राहायचं नाही. ही जागा सोडायची आणि त्याच्याकडे, मुलीच्या खोलीत, राहायला यायचं. आता मोठी भांडणं होणार म्हणून मी कंबर कसून बसले होते. पण आत्या नुसतं "हो" म्हणाली. तिचा तो शहाण्यासारखा "हो" ऐकून मला रडू आलं.

सामान बांधायला मी गेले. ताटल्या, कप, डबे खोक्यांत भरून वरून चिकटपट्ट्या मारल्या. मग आत्या म्हणाली, "बस, अंडं करते तुला." मी स्टुलावर बसून बघत राहिले. तिने नॉनस्टिकवर पाणी शिंपडलं आणि कान तिरका केला. आवाज नाही. थेंबाची गोळी झाली होती, पण ती त्या गुळगुळीत थरामुळे. तवा तर अजून गारच होता. आत्याने अंडं फोडलं. उलथनं लावताच ते इकडून तिकडे घसरलं. तिने उलटलं, ताटलीत घातलं आणि माझ्याकडे मान वळवून विचारलं, "झालं असेल ना गं?"

आत्याने उभ्या आयुष्यात असं विचारलं नव्हतं. झालं की नाही हे ती आम्हाला सांगायची.

अंडं कच्चं होतं. मी ते गिळलं, आणि गिळता गिळता माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. डोळे गेल्यापासून ही बाई तव्याचं ऐकून स्वयंपाक करत होती! चर्र थांबलं की तवा तापला, आणि उलथन्याला ओढ लागेनाशी झाली की अंडं झालं. हा नवा तवा पहिल्यापासूनच सगळं सोडून देतो. तो बिचारा तिला सांगणार काय? आणि त्या सकाळी, आधी चर्र ऐकायच्याच हट्टापायी, तिने तो रिकामाच ढणाढणा तापवला असणार, म्हणून तो धूर. रिकामं तापणं त्याला सोसत नाही.

तिला काही बोलले नाही. आशा लावायची आणि ती फुकट जायची, हे माझ्या जिवावर आलं असतं. घरी जाऊन हेडमास्तरला खाली काढलं. सोडा घातलेलं पाणी त्यात उकळलं, जळकं लाकडी चमच्याने सोडवलं, उरलेले निळे-जांभळे डाग व्हिनेगरने पुसले. घासता घासता हाताला जुना दांडा लागत होता, आणि मी चक्क त्या तव्याची माफी मागत होते.

रविवारी दादा टेम्पो ठरवून आला. मी तवा शेगडीवर ठेवला आणि आत्याचा हात नेऊन दांड्यावर टेकवला. तिने बोटांनी चाचपलं. "मेल्या, कुठं होतास?" ती म्हणाली. मला नव्हे, तव्याला.

"अगं, टेम्पोवाला खाली थांबलाय," दादा म्हणाला.

"थांबू दे," मी म्हणाले. "एक अंडं होईपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही."

पाणी शिंपडलं. चर्र. "अजून नाही," आत्या पुटपुटली. पुन्हा चर्र. मग शांत. "हं!" आच कमी झाली, तेल पडलं, अंडं फुटलं.

"चिकटलं बघ," म्हणत दादाने उलथनं उचललं. आत्याने न बघता त्याच्या हातावर फटका मारला. बरोबर हातावर. केस पांढरे व्हायला लागलेला माझा भाऊ ओट्याला टेकून उभा राहिला.

अंडं सुटलं. सोनेरी.

"मला वाटलं रे, माझेच हात गेले," आत्या म्हणाली. "म्हणून हो म्हटलं. हातच गेल्यावर घर काय करायचंय?" मग तिने नाक ओढलं आणि स्वर नेहमीचा केला. "तो तुझा तवा घेऊन जा घरी. तारेची घासणी लावू नकोस आणि मोठ्या आचेवर ठेवू नकोस. त्याचा काही दोष नाही. आणि ताटल्या कुठायत? हातात खाणार का?"

ताटल्या खोक्यात होत्या. दादाने चिकटपट्टी टर्रकन ओढली, ताटल्या काढल्या. मला वाटलं, आता थांबेल. पण त्याने दुसरं खोकं फोडलं, मग तिसरं. तो कप फळीवर मांडत होता, डबे मांडत होता. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि आत्या दुसरं अंडं फोडत होती.